एकच फेरी

गौरव सरांनी ते संत्रं सोललं आणि वामन सोमकुंवरचा जीव खालीवर झाला.

सरांचा त्यात काही दोष नव्हता. कोणी हातावर फळ ठेवलं की माणूस ते खातो. सर नागपूरच्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. सकाळीच निघून, रस्ता विचारत विचारत बोरगावला वामनच्या ओसरीपर्यंत पोहोचले होते. तहान लागलेली होती आणि संत्रं गोड होतं. "वा काका, फर्स्टक्लास," असं म्हणत त्यांनी फोडी तोंडात टाकल्या आणि सालं, देठ, पान सगळं गोळा करून खुर्चीखाली नीट ठेवलं. वामन त्या पानाकडे बघत राहिला.

वामन बागा पाहणारा माणूस. पांढुर्ण्याच्या दादाजी शेठांसाठी तो सत्तावीस वर्षं संत्र्याच्या बागा पाहत होता. इकडे फळ झाडावर हिरवं असतानाच बागेचा सौदा होतो, आणि झाडावर किती फळ आहे ते सांगणारा माणूस व्यापाऱ्याला लागतो. वामन झाडाभोवती एक फेरी मारायचा आणि आकडा सांगायचा. दुसरे पाहणारे दोन-तीन फेऱ्या मारतात, फांद्या उचलून बघतात, बोटांवर मोजतात. वामनने कधी दुसरी फेरी मारली नाही. "वामन दुसऱ्यांदा फिरला तं समजा त्याले भोवळ आली," असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर ही थट्टा वामनला फार आवडत असे.

सौदा ठरला की दादाजी शेठांची एक रीत होती. बागेच्या मालकाने एक फळ देठापानासकट तोडायचं आणि शेठांच्या हातावर ठेवायचं. शेठ ते खात नसत. दुकानात गादीच्या वर एक फळी होती, तिथे ते फळ तोड होईपर्यंत वाळत पडायचं. फळ हातावर पडल्यापासून त्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दुसऱ्या व्यापाऱ्याने पाय ठेवायचा नाही आणि शेठांनी भाव पाडायचा नाही. एका वर्षी सौद्यानंतर पंधरा दिवसांत गारा पडल्या, अर्धं फळ खाली आलं. सगळ्यांना वाटलं, आता शेठ हात वर करतील. शेठांनी फळीवरच्या फळाकडे बोट दाखवलं आणि ठरल्याप्रमाणे बाग उचलली. तेव्हापासून वामनचा शब्दावर जो विश्वास बसला तो बसलाच.

वामनकडे स्वतःची बाग नव्हती. अंगणात एक संत्र्याचं झाड होतं, तेही बी पडून आपोआप उगवलेलं. आज त्याच झाडाचं एक पिकलं फळ देठापानासकट तोडून त्याने गौरव सरांच्या हातावर ठेवलं होतं. कारण आज त्याने सौदा केला होता. करुणाचा.

करुणा त्याची मुलगी, सौंसरला बारावीत शिकणारी, शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. ती गोलकीपर कशी झाली याची एक गंमतच आहे. तिची आई सुमन संत्र्याच्या छाटणीला, म्हणजे तोडलेली फळं निवडायला, जायची. ढिगासमोर बसून डागी फळ मागे न बघता खांद्यावरून फेकायची. करुणा सात-आठ वर्षांची असताना आईच्या मागे उभी राहायची आणि ते फळ जमिनीवर पडायच्या आत झेलायची. डावीकडे, उजवीकडे, डोक्यावरून, कुठूनही. दिवसभरात एखादंच सुटायचं. शाळेत पूनम मॅडमनी मुलींची टीम काढली तेव्हा गोलात कोणाला उभं करायचं हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

महिन्याभरापूर्वी छिंदवाड्याला शाळांचे सामने झाले. तिथे तिने दोन पेनल्टी अडवल्या. गौरव सर तो सामना बघत होते. आज संत्रं तोडण्याआधी बोलणं झालं ते असं.

"काका, मी सरळ सांगतो," सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "फी माफ, होस्टेल फुकट, आणि पहिल्या वर्षापासून टीममध्ये नंबर एकची गोलकीपर. पण मला पंधरा डिसेंबरच्या आत नाव पाहिजे. आमची यादी जाते वर. माझ्या नजरेत अजून दोघी मुली आहेत. तुम्ही थांबलात तर मी नाही थांबू शकत."

पूनम मॅडम शेजारच्या खाटेवर बसल्या होत्या. त्या पांढुर्ण्याच्या, शाळेत खेळ शिकवायच्या आणि बोलायला फटकळ होत्या. "सर, पोरीनं कॉलेज पाह्यलं नाई, होस्टेल पाह्यलं नाई. परीक्षा होऊ द्या. फेब्रुवारीत भोपाळचे फुटबॉल अकादमीवाले पन कॅम्प घेनार हायेत, मी नाव पाठवलं आहे."

"कॅम्पमध्ये तीस मुली येतील मॅडम. घेतील दोन."

वामनने करुणाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "काय वं, तू काय म्हनतं?"

"तुम्ही पाहा बाबा," करुणा म्हणाली. त्या घरात असंच बोलायची सवय होती. दुकानातून टरबूज आणायचं तरी सगळे म्हणायचे, बाबा पाहतील.

वामनने सरांना एकच प्रश्न विचारला. "शब्द देता?"

"दिला," सर म्हणाले. त्यांनी मनापासून दिला होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वामन उठला आणि अंगणातल्या झाडाकडे गेला.

सरांची गाडी गेल्यावर पूनम मॅडमनी वामनला घेतलं फैलावर. "इतकी घाई कायची होती वामनभाऊ?"

"मॅडम, फळ हिरवं असते तवाच सौदा होते. पिकायची वाट पाहनाऱ्याले खाली पडलेलं उचलावं लागते."

"फळाले पाय नसतात. पोरीले असतात."

वामन हसला. मॅडमला या धंद्यातलं काय कळतं, असं त्याला वाटलं. फक्त खुर्चीखालचं ते पान त्याने केरात जाऊ दिलं नाही. उचलून भिंतीतल्या कोनाड्यात, बुद्धाच्या फोटोशेजारी ठेवलं. पाहुण्याला रीत माहीत नव्हती म्हणून काय झालं, शब्द तर झाला होता.

फेब्रुवारीत एके दुपारी वामन सौंसरजवळच्या एका बागेत होता. पावसाळ्यात धरलेल्या मृगाच्या बहाराची तोड चालू होती. खिशातला फोन वाजला. शाळेच्या फॉर्मवर करुणाचा म्हणून त्याचाच नंबर दिलेला होता. पलीकडे भोपाळहून एक बाई बोलत होत्या. करुणाची कॅम्पसाठी निवड झाली आहे, तीन दिवसांचा कॅम्प आहे, परीक्षेच्या तारखा सांभाळून ठेवला आहे, येणार की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा.

"मॅडम, लड़की की बात तो पक्की हो गई," वामन म्हणाला.

पलीकडून प्रश्न आला, "इतनी जल्दी शादी?"

"शादी नहीं मॅडम. कॉलेज. नागपूर का. जबान दे दी है."

"अरे, तो कॅम्प में आने में क्या हर्ज है? देख लेगी, फिर सोच लेगी. एक बार लड़की से पूछ तो लीजिए."

वामनला त्या बाईंचं नवलच वाटलं. एकदा फळ हातावर पडल्यावर दुसऱ्या व्यापाऱ्याला बाग दाखवायची? मग दादाजी शेठांत आणि रस्त्यावरच्या भुरट्या दलालांत फरक काय राहिला? "एक बाग दो व्यापारी को नहीं दिखाते मॅडम," असं त्याने अगदी नम्रपणे सांगितलं आणि फोन ठेवला. मग त्याने लगेच गौरव सरांना फोन लावला. भोपाळचं काही बोलला नाही, नुसतं विचारलं, सर, आपलं ठरलेलं आहे ना? "निर्धास्त राहा काका," सर म्हणाले.

घरी तो कोणालाच काही बोलला नाही. करुणाची परीक्षा तोंडावर होती, उगाच तिचं चित्त कशाला विचलित करायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. सुमनने विचारलं, "पोट बिघडलं का तुमचं?" तो म्हणाला, "हो, दुपारी संत्रे गंज खाल्ले, दहा-बारा तरी." सत्तावीस वर्षांत त्याने तोडीच्या बागेत संत्रं खाल्लेलं सुमनला माहीत नव्हतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ताट उचललं.

कॅम्पचं काय झालं, असं पूनम मॅडमनी करुणाला एकदा विचारलं. फोन आला नाही, असं तिने सांगितलं. दोघींनाही वाटलं, निवड झाली नसेल. करुणा दोन दिवस गप्प गप्प होती. वामन ते बघत होता आणि तरीही बोलला नाही. ही त्याची खरी चूक. शब्द दिला ती चूक म्हणता येईल न येईल, पण ही होती.

जूनमध्ये निकाल लागला. करुणा चांगल्या मार्कांनी पास झाली. वामनने इस्त्रीचा सदरा घातला, कोनाड्यातलं वाळलेलं पान कागदात गुंडाळून खिशात ठेवलं आणि मुलीला घेऊन सौंसरहून सकाळच्या बसने नागपूरला गेला.

कॉलेजच्या क्रीडा विभागात एक नवेच सर बसले होते. माणूस सभ्य होता. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि मग सांगितलं की गौरव सर एप्रिलमध्येच नोकरी सोडून गेले, आता ते पुण्याकडे असतात.

"पन आमचं नाव दिलं असन त्याइनं," वामन म्हणाला. "करुणा सोमकुंवर. गोलकीपर."

सरांनी फाईल काढली. दोन वेळा पाहिली. "यादी त्यांनी केली असेल काका, पण मंजूर झालेली नाही. कोटा मी आल्यावर नव्याने भरला. गोलकीपर दोन घेतल्या आहेत आम्ही. तुमच्याकडे त्यांचं काही लेखी आहे का? पत्र, मेल, काहीही?"

वामनचा हात खिशाकडे गेला. कागदात गुंडाळलेलं पान बोटांना लागलं. एका कॉलेजच्या ऑफिसात, पंख्याखाली, टेबलावर ते पान काढून ठेवलं तर कसं दिसेल हे त्याला पहिल्यांदाच लख्ख दिसलं. त्याला लाज वाटली. त्याने हात बाहेर काढला.

"नाई," तो म्हणाला. "तोंडीच होतं."

"साधी अ‍ॅडमिशन मिळेल. फी भरून. टीमचं पुढच्या वर्षी बघू."

बाहेर कडुनिंबाखाली उभं राहून त्याने गौरव सरांना फोन लावला. सरांनी उचलला, हे सांगायला हवं. न उचलणारेही असतात.

"काका, मला कळवायला हवं होतं. खरंच सांगतो, डोक्यातच राहिलं नाही. घर हलवायचं, मुलाची शाळा... तुमची मुलगी चांगली आहे, ती कुठेही जाईल."

"तुम्ही शब्द देल्ता सर."

"दिला होता काका. पण शब्द माझा होता. कॉलेज माझं कुठे होतं?"

वामनने फोन ठेवला. या एका वाक्यावर तो नंतर कितीतरी दिवस विचार करत राहिला. शेठांचा शब्द आणि शेठांचं दुकान ही एकच गोष्ट होती. शेठ उठून पुण्याला गेले नसते आणि गादीवर दुसरा बसला नसता. त्याने माणूस पाहिला होता आणि माणूस चांगलाच होता. बाग कोणाच्या नावावर आहे हे मात्र त्याने विचारलंच नव्हतं. कोणत्याही शेतकऱ्याला तो हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा.

परतीच्या बसमध्ये करुणा खिडकीशी बसली होती. ती रडली नाही. सावनेर गेल्यावर म्हणाली, "जाऊ द्या बाबा. भोपाळवाल्याइनं पन नाईच घेतलं. मीच कमी पडली असन."

वामनला हे सहन झालं नाही. त्याने ठरवलं असतं तर आताही तो गप्प बसू शकला असता आणि जन्मात कोणाला कळलं नसतं. त्याने समोरच्या सीटची दांडी धरली आणि म्हणाला, "भोपाळचा फोन आल्ता."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तुले बोलावलं होतं. मीच नाई म्हन्लं."

करुणा त्याच्याकडे बघत राहिली. बस एका थांब्यावर थांबली, दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या, कंडक्टर तिकीट फाडून गेला, तरी ती बघतच होती.

"मले सांगतलं बी नाई?"

"परीक्षा होती तुही."

"नोव्हेंबरात तुम्ही इचारलं, मी म्हन्लं तुम्ही पाहा. ते माह्यावर हाय. पन फेब्रुवारीत कोनी इचारलं मले? तो फोन माहा होता बाबा." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे वामनला जास्त लागलं. "घेतलं नसतं, तं नसतं. पन मी गेली तं असती. इतके दिवस वाटून राहिलं मले, आपल्याले येतच नाई खेळता."

वामनने दांडीवरचा हात काढला. "चुकलो मी," तो म्हणाला. मुलीपुढे हे शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले. करुणाने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बोरगाव येईपर्यंत ती बाहेरच बघत होती.

पुढचे बारा-पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. सुमनने मात्र रात्रीची भाकर वाढताना एकदाच तोंड सोडलं. "झाडं मोजता मोजता पोरीले बी झाड समजले तुम्ही," ती म्हणाली, आणि वामनने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पूनम मॅडमनी भोपाळला फोन करून पाहिला. जागा भरल्या होत्या, पुढच्या वर्षी करुणाचं वय बसत नव्हतं. ते दार बंद झालं ते झालंच. मग मॅडमनीच शोधून काढलं की अमरावतीच्या एका कॉलेजात जुलैत खुली ट्रायल आहे.

करुणा सकाळ-संध्याकाळ मैदानावर जाऊ लागली. जायच्या आदल्या दिवशी वामनने विचारलं, "मी येऊ का सोबत?"

करुणा हातमोजे धूत होती. "या. पन बोलाचं नाई."

"नाई बोलत."

सकाळी निघताना वामन अंगणातल्या झाडाजवळ थांबला. फळ हिरवं, लिंबाएवढं होतं. हात आपसूक वर गेला आणि त्याने एक फळ देठापानासकट तोडून सदऱ्याच्या खिशात टाकलं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सत्तावीस वर्षांची सवय होती.

मैदानावर वीस-बावीस मुली होत्या. वामन भिंतीजवळ उभा राहिला. बागेत शिरल्यावर त्याला कळायचं की कोणतं झाड धरेल आणि कोणतं गळेल. इथे त्याला काही कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की करुणा दोन वेळा पडली, उठली, आणि तिसऱ्या वेळी डाव्या कोपऱ्यात जाणारा बॉल तिने जमिनीला लागायच्या आत घेतला, आईने खांद्यावरून फेकलेल्या डागी फळासारखा.

ट्रायल संपल्यावर तिथल्या प्रशिक्षक वच्छला मॅडमनी करुणाला बोलावलं. पन्नाशीच्या होत्या, गळ्यात शिट्टी, पायांत जुने बूट. "हात चांगले आहेत तुझे. मला पाहिजे तू. आत्ता हो म्हण, आजच फॉर्म भरून टाकू."

वामनचा हात खिशात गेला.

"मॅडम, किती गोलकीपर हायेत तुमच्याकडे?" करुणाने विचारलं.

वच्छला मॅडम जरा थबकल्या. "एक आहे. तिसऱ्या वर्षाला."

"म्हनजे पहिल्या वर्षी मी बाहेर बसन."

"बहुतेक. खोटं नाही सांगत."

"तुमची बदली झाली तं माही जागा राह्यते का? लिहून भेटन का कॉलेजच्या कागदावर?"

"प्राचार्यांच्या सहीचं पत्र मिळेल."

"आन् होस्टेल पाहता येईन का आता?"

मॅडमच्या चेहऱ्यावर आधी आठी होती, ती गेली. "चल, दाखवते."

होस्टेल पाहून आल्यावर करुणा म्हणाली, "मले आठ दिवस द्या मॅडम. फोन करतो मी."

"आठ दिवसांत दुसरी कोणी आली तर?"

"आली तं आली," करुणा म्हणाली. हातातले हातमोजे ती उलटसुलट करत होती.

वच्छला मॅडमनी वामनकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे, वडील ना तुम्ही?"

खिशातल्या फळाभोवती वामनची मूठ होती. जागा समोर होती, बाई प्रामाणिक दिसत होती, आणि त्याचं सगळं आयुष्य त्याला सांगत होतं की अशा वेळी फळ बाहेर काढतात. त्याने मूठ तशीच ठेवली.

"पोरगी सांगन," तो म्हणाला.

वरूडमार्गे पांढुर्णा, तिथून गाडी बदलून सौंसर आणि मग बोरगाव, असा परतीचा लांबचा प्रवास झाला. पांढुर्ण्याला करुणाने दोन चहा आणले, एक त्याच्या हातात दिला. घरी आल्यावर वामनने खिशातलं हिरवं फळ कोनाड्यात ठेवलं. करुणाने ते पाहिलं.

ते आठ दिवस वामनने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. करुणा पूनम मॅडमशी बोलली, आईशी बोलली, अमरावतीला शिकणाऱ्या सौंसरच्या एका मुलीला फोन केला. वामनला विचारलं नाही. तो विचारायची वाट बघत होता आणि विचारू नये असंही त्याला वाटत होतं. आठव्या दिवशी सकाळी तिने त्याच्यासमोर हात केला. "बाबा, फोन द्या."

फोन घेऊन ती घरामागे गेली. वामन ओसरीवर बसून राहिला. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने ती आली, फोन त्याच्या हातात ठेवला आणि आत गेली. त्याने विचारलं नाही. दादाजी शेठांचा निरोप होता, एक बाग पाहायला जायचं होतं. पिशवी घ्यायला म्हणून तो आत गेला.

करुणा खाटेवर बॅग भरत होती. कोनाड्यात फळ नव्हतं. ते बॅगेत सगळ्यात वर, हातमोज्यांच्या मध्ये ठेवलेलं होतं. पान वाळून वळलं होतं, पण देठाला धरून होतं. वामनने ते पाहिलं, पिशवी घेतली आणि निघाला.

बाग बोरगावपासून दोन कोसांवर होती. मालक विनोद धुऱ्यावर वाट बघत उभा होता. वामन पहिल्या झाडाभोवती फिरला, नेहमीसारखा, वर बघत, हात पाठीमागे बांधून. फेरी पूर्ण झाली. विनोद आकड्याची वाट बघत राहिला. वामनने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा चालायला लागला.

"काय गा वामन, दुसरी फेरी?" विनोद हसला. "भोवळ आली का काय?"

"नाई," वामन फांदी वर करत म्हणाला. "पाहू दे जरा."